माईकवर बोललेलं

"भिकारी देश भिकाऱ्यालाच भेटला. बराबर झालं."

माईकवर बोलला तो. भरल्या सभागृहात. नवीन जालन्यातल्या बड्या आडत्याचा पोरगा.

मी अकरावीत होते. टेंभुर्णीच्या बौद्धवाड्यातली. कॉलेजानं मॉडेल यूएनला पाठवल्तं. संयुक्त राष्ट्रांची लुटूपुटूची सभा. एकेका पोराला एकेक देश. त्याला अमेरिका, मला आफ्रिकेतला गरीब मलावी. इंग्रजी अडखळलं म्हणून मदतीची मागणी मी मराठीत मांडली. तेवढंच निमित्त.

सगळे हसले. अध्यक्ष मॅडम त्याला काही बोलल्या न्हाईत. मला म्हणाल्या, "सिट डाऊन. भाषा येत नाही तर यायचं कशाला?"

बसले. कान पेटल्ते.

मंग मॅडमनी जाहीर केलं, संध्याकाळी त्याच्या ठरावावर मतदान. मदत पाहिजे तर गरीब देशांनी अटी पाळायच्या, असा ठराव. प्रत्येक देशाला एक मत.

एक मत. श्रीमंताला एक, गरिबाला बी एकच. हे तर मी पाळण्यात ऐकलेलं.

जेवायला गेलेच न्हाई. ज्यांच्याशी कुणी बोलत नव्हतं त्यांच्याकडं गेले. परतूरची पोरं. उर्दू शाळेतली शाहीन. तिला म्हणलं, "त्याला पाडायचं."

ती म्हणाली, "मेरा तो नाम भी बराबर नहीं लिया उनो. बोल, क्या करना?"

संध्याकाळी हात वर झाले. ठराव पडला. त्याचं तोंड उतरलं. मला लई गोड वाटलं. खोटं कशाला बोलू?

बाहेर तो आला. "अगं, मजाक होता. सोड ना."

"माईकवर बोललास. माफी बी माईकवर माग."

हसून निघून गेला. बेस्ट डेलिगेटची ट्रॉफी त्यालाच भेटली. प्राचार्य भाषणात म्हणाले, अशा परिषदेतून मुलं सामंजस्य शिकतात.

मी मतं जमवायला शिकले.

आता मी जालन्यातच वकिली शिकून राह्यले. यंदा तो महापालिकेला उभा आहे. माझ्याच वॉर्डात. पोस्टरवर हात जोडलेले. कॉलेज सुटलं की मी आणि शाहीन त्याच्याविरुद्ध मतं मागत दारोदार फिरून राह्यलो. कुणी म्हणतं, पोरी, एवढं कशाला मनात धरायचं?

धरायचं. बिलकुल धरायचं.

त्याला पाडणार. निकालाच्या दिवशी मतमोजणीच्या दारात उभी राहीन. तो बाहेर येताना पहिलं तोंड माझं दिसलं पाहिजे.