भिंतीवरचे सेकंद

मोबाइलवर ‘दादा’ असं नाव उमटलं आणि सवयीप्रमाणे मी समोरच्याला बोलूच दिलं नाही. “काय दादा, आज किती चकरा मारल्या मैदानाला? का गुडघ्यांनी राजीनामा दिला?” असं म्हणून स्वतःच्याच विनोदाला खो-खो हसलो. पलीकडून त्यांच्या मुलाचा आवाज आला, “काका, मी बोलून राहिलो... पप्पा गेले सकाळी.” स्वयंपाकघरातून बायको विचारत होती, “काहून हसून राहिले एवढे? कोणाचा फोन हाये?” तिच्या सख्ख्या भावाच्या मरणाची बातमी मी अशी हसत घेतली. दीड महिना झाला, आता फोन उचलला की आधी गप्प राहतो.

दत्तादादा म्हणजे बायकोचे थोरले बंधू आणि वसमत तालुक्यातल्या आमच्या शाळेचे पीटीचे सर. लग्नानंतर मीही त्याच शाळेत गणित शिकवायला लागलो. मुलगी बघायला गेलो तेव्हा त्यांनी मला पगार विचारला नाही. “दोरीच्या उड्या किती मारता?” असं विचारलं. “लहानपणी मारल्या होत्या,” मी म्हणालो. त्यांनी माझ्या पोटाकडे एकदा पाहिलं आणि चहा मागवला. तरीही बहीण दिली, हे त्यांचं मोठेपण.

शारीरिक शिक्षणाची श्रेणी खुर्चीत बसून भरायची, ही तेव्हाची सर्वमान्य रीत. मार्च आला की हजेरीपट पुढ्यात घ्यायचा, भांडखोरांना ‘ब’, बाकी सगळ्या गावाला ‘अ’. दादांना हे मंजूर नव्हतं. सकाळी सातलाच ते मैदानावर फक्कीच्या पांढऱ्या रेषा ओढायचे. पन्नास मीटर धावणं, उभ्यानं लांब उडी, दोन रेषांमधली पळत ये-जा, आडव्या बारला लोंबकळणं... एकेका लेकराला स्वतः उभं करायचे, घड्याळ धरायचे, वहीत आकडा लिहायचे. निम्मी पोरं अनवाणी, म्हणून आदल्या संध्याकाळी खडे वेचायचे. मेंढ्या राखणाऱ्या घरातली एक पोरगी बूट घातलेल्या सगळ्या पोरांना मागं टाकून आली, तेव्हा दादांनी विचारलं, “कुठं शिकलीस गं एवढं पळायला?” ती म्हणाली, “मंग सर, मेंढी थांबती व्हय आपल्यासाठी?” हे सांगताना दादा दरवेळी तिच्यासारखी मान उडवायचे.

अठ्ठ्याण्णव-नव्व्याण्णव साल असेल. संस्थेच्या अध्यक्षांचा नातू सातवीत, माझ्याच वर्गात होता. पन्नास मीटरला त्यानं बारा सेकंद घेतले, त्यातले शेवटचे मीटर चालत. बारला तो जेमतेम तीन सेकंद टिकला. दादांनी ‘ड’ लिहिला. मुख्याध्यापकांनी मला बोलावून दार लोटून घेतलं. “तुमच्या मेव्हण्याची यादी हाये, अन् प्रगतिपुस्तक तुमी भरता. जरा बघून घ्या.” मी बघून घेतलं. खाडाखोड दिसू नये म्हणून कोरं प्रगतिपुस्तक काढून पहिल्या विषयापासून सगळं पुन्हा लिहिलं आणि शेवटी ‘अ’ काढला. इतकं सुबक अक्षर मी उभ्या आयुष्यात दुसऱ्यांदा काढलेलं नाही.

फिर्याद आली ती त्या पोराकडूनच. जूनमध्ये शाळा उघडली तसा तो थेट शिक्षकांच्या खोलीत आला. “सर, मला ‘अ’ काहून दिला? समद्यांनी पाह्यलं ना मी शेवटी आलो ते. पोरं चिडवून राहिलीत मला.” दादा कोपऱ्यात शिट्टीची दोरी गुंडाळत होते. पोरगं गेल्यावर त्यांनी विचारलं, “दाजी, ते पळत होतं तवा तुमी कुठं होता?”

“ऑफिसात.”

“मग ‘अ’ दिसला कुठून?”

मी खडू शोधायला लागलो. दुसऱ्या दिवशी पाण्याच्या टाकीच्या भिंतीवर गेरूनं अक्षरं उमटली. प्रत्येक लेकराचं नाव, त्याचे सेकंद, त्याची उडी, आणि शेजारी पुढच्या आकड्यासाठी मोकळी जागा. श्रेणी तुमच्या हातात, सेकंद माझ्या हातात, असं त्यांनी मुख्याध्यापकांना तोंडावर सांगितलं. दिवाळीच्या सुट्टीत भिंतीला चुना मारला गेला. शाळा उघडली त्या सकाळी दादांनी पुन्हा लिहिलं. पुन्हा चुना, पुन्हा गेरू. तिसऱ्या वेळी बदलीचा कागद आला, वारंगा फाट्याच्या पुढच्या, संस्थेच्याच शाळेवर. दादांनी तो उभ्यानं वाचला आणि एवढंच विचारलं, “तिथं भिंत हाये का?”

निघायच्या दिवशी तो नातू त्यांना शोधत आला. वर्षभर सकाळी सातला मैदानावर यायचा तो. दादांनी बॅग खाली ठेवली, त्याला पळवलं, साडेनऊ सेकंद झाले. भिंतीवर त्यांनी लिहिलेला शेवटचा आकडा त्याचा. बारा-तेरा माणसं बघत होती, त्यात मीही होतो. मी त्यांची बॅग बसपर्यंत नेली. माझं शौर्य तेवढंच.

आता त्याच शाळेत मी मुख्याध्यापक आहे. पंधरा दिवसांपूर्वी शाळेत शोकसभा झाली. एक वक्ते गहिवरून म्हणाले, “सर इतके प्रेमळ, की त्यांनी कधी कोणाला कमी श्रेणी दिली नाही.” माणूस मेला की त्याला गोड करून टाकायची आपल्याला फार घाई... मी उठलो. “खोटं आहे हे. ते बरोबर तेवढंच देत. फुकटचा ‘अ’ मी दिला होता, आणि त्याची शिक्षा त्यांनी भोगली.” संस्थेचे आत्ताचे सचिव आपल्या चपलांकडे बघत होते.

घरी येताना स्कूटरवर मला वाटलं, मागे बायको रडत असेल. खरं सांगायचं तर, थोडं कौतुक होईल असंही वाटलं. दारात उतरली, पदर नीट केला आणि माझ्याकडे सरळ बघत म्हणाली, “बोललात, बरं केलं. पण ते अध्यक्ष आता न्हाईत, दादा न्हाई. भ्यायचं कोणाला होतं? सचिवांची पोरगी यंदा सातवीत हाये ना? तिच्या वर्गाची पीटीची यादी येऊ द्या तुमच्या टेबलावर. मग मी सांगते, तुमी बोललात का नुसतं भाषण केलं.”