दोन प्लस आणि पारूमावशीचा कौल

आमच्या डे-केअरला किस्से शोधायला जावं लागत नाही. सलाईन थेंब थेंब उतरतं, खुर्च्या एकमेकींना चिकटून, टीव्ही कधीचा बंद, आणि वर सगळी माणसं रत्नागिरीची! ही माणसं गप्प बसतील असं औषध अजून निघालेलं नाही. मी इथली सिस्टर. हाताने सुई लावते आणि कानाने किस्से गोळा करते. "कॅन्सरच्या दवाखान्यात कसले गं किस्से?" असं माझी नणंद विचारते. तिला एकदा इथे आणून बसवणार आहे.

बरेचसे किस्से एका औषधावरून झालेत. अँटिबॉडीचं इंजेक्शन आहे. ते सरसकट सगळ्यांना देत नाहीत. गाठीतल्या पेशींवर एक ठरावीक खूण भरपूर असेल, तरच ते तिथे जाऊन चिकटतं आणि काम करतं. म्हणून आधी गाठीचा तुकडा तपासायचा. झीरो किंवा एक प्लस आलं तर हे औषध आपलं नाही. तीन प्लस आलं तर आपलं. आणि दोन प्लस आलं तर धड हो नाही, धड नाही नाही!

*

तात्या हापूसचे बागायतदार. पोटात गाठ. त्यांचा रिपोर्ट झीरो आला.

आमच्या डॉक्टर मॅडम कोल्हापूरच्या, स्पष्ट बोलणाऱ्या. म्हणाल्या, "तात्या, तुमची टेस्ट निगेटिव्ह आहे. हे इंजेक्शन तुम्हाला चालणार नाही."

तात्या ताठ बसले. "चालणार नाही म्हणजे? आमच्यात काय कमी आहे?"

मॅडमनी समजावलं, की कमी काही नाही, नेहमीची केमो देऊ, तिचाही उपयोग होतो. तात्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि बायकोकडे वळून म्हणाले, "तुझ्या वडिलांनीही आधी मला नापासच केलं होतं. पुढे बघितलंस ना काय झालं?"

"बघत्येय की अजून!" काकू म्हणाल्या.

*

जयगडच्या पारूमावशी मासे विकायच्या. छातीत गाठ. त्यांचे यजमान जानूभाऊ मच्छीमार बोटीवर तांडेल, म्हणजे बोटीचे कप्तान होते, आता घरी असतात. मावशींची गाठ मोठी होती आणि आधी औषधाने ती लहान करायची होती. इंजेक्शन लागू पडणारं असेल तर काम बरंच सोपं, नाहीतर वाट लांबची. मॅडमनी दोघांना समोर बसवून खुणेचं प्रकरण समजावलं. रिसेप्टर, प्रोटीन, पेशी, सगळं!

मावशी म्हणाल्या, "कळलं. खाडीत काय फिरतंय ते बघून जाळं टाकायचं. बांगड्याच्या जाळ्यात कोलंबी कशी गावंल?"

मॅडम इतक्या खूश झाल्या, की पुढच्या प्रत्येक पेशंटला त्या जाळंच सांगायला लागल्या. हातखंब्याच्या एका निवृत्त मास्तरांनाही सांगितलं. मास्तरांनी शेवटपर्यंत मान डोलवली. मग हळूच विचारलं, "मॅडम, पण आम्ही शाकाहारी. आम्हाला दुसरं काही बसेल का?"

*

गाठीचा तुकडा मेणात बसवतात. छोटीशी वडी दिसते, तिला ब्लॉक म्हणतात. ती खिशात घालून मुंबईला नेली तरी चालते, फक्त उन्हात ठेवायची नाही. मावशींची वडी जानूभाऊंनी स्वतः न्यायची ठरवली. "कुरिअरवर माझा इश्वास नाय," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मुंबईच्या लॅबमधून फोन. "सिस्टर, तुमच्याकडून एक गृहस्थ आलेत. थर्माकोलचा मोठा खोका आहे, त्यात बर्फ आहे, बर्फात पिशवी, पिशवीत ब्लॉक. हे काय आहे?"

मी जानूभाऊंना फोन द्यायला सांगितलं. "जानूभाऊ, बर्फ कशाला घातलात?"

"मंग? मुंबईपतूर माल बिनबर्फाचा कोण नेतो?"

ब्लॉकला काही झालं नव्हतं. फक्त लॅबवाल्या बाई म्हणाल्या, की आज आमच्या सगळ्या डिपार्टमेंटला बांगड्याचा वास येतोय. आणि पुढे म्हणाल्या, "भूक लागली हो!"

*

आणि एवढं करून रिपोर्ट आला दोन प्लस!

मॅडमनी सांगितलं, की त्याच तुकड्यावर आणखी बारीक टेस्ट करावी लागेल, थांबावं लागेल. मावशींचा चेहरा उतरला. आजवर मी त्यांना असं बसलेलं बघितलं नव्हतं. जानूभाऊ खाली मान घालून म्हणाले, "बर्फ कमी पडला काय वो?"

कोणाला हसावं की रडावं कळेना. शेजारच्या खुर्चीवरून तात्या म्हणाले, "पारूबाई, दोन प्लस म्हणजे आढीतला आंबा. कच्चा म्हणवत नाही, पिकला म्हणवत नाही. उगाच चेपून बघू नये. थांबावं."

"तुमाला काय जातंय सांगायला? तुमचा तर झीरो आला!" मावशी म्हणाल्या.

"म्हणून तर निवांत आहे!" तात्या म्हणाले. तेव्हा कुठे मावशी हसल्या.

*

थांबणं जानूभाऊंच्या स्वभावात नाही. त्यांनी गावच्या देवाला कौल लावला. आमच्याकडे ही पद्धत आहे. गुरव देवाच्या अंगावर उजवीकडे आणि डावीकडे ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारतो. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार.

भर दुपारी, मावशी रक्त तपासायला आमच्याकडे आलेल्या असताना, माझा फोन वाजला. "सिस्टर, त्या औषधाचं नाव काय? गुरव म्हणतो, नाव घेतल्याबिगर देव कशावर बोलंल?"

"ट्रॅस्टुझुमॅब."

"ट्रस... काय? थांबा, तुमीच सांगा त्याला."

मी फोन स्पीकरवर टाकला. गुरवाला तीनदा सांगूनही जमेना. शेवटी मॅडम स्वतः आल्या आणि त्यांनी शाळेत पाढे म्हणवून घेतात तसं तोडून तोडून म्हणवून घेतलं. मग देवळातून खणखणीत गाऱ्हाणं सुरू झालं.

"बा देवा महाराजा! तुझी लेक पारू, तिला जो काय आजार झालाय, त्याच्यावर हे जे ट्रॅस्टुझुमॅब हाय, ते लागू पडणार असंल, तर उजवा कौल दे रे महाराजा!"

"होय महाराजा!" देवळातली माणसं ओरडली. आणि इकडे आमच्या सगळ्या खुर्च्याही ओरडल्या, सलाईनचे हात सांभाळून! मॅडम दचकल्या. कोल्हापुरात ही पद्धत नाही.

 आम्ही सगळे फोनकडे बघतोय. मावशींनी डोळे मिटलेले.

बऱ्याच वेळाने जानूभाऊंचा आवाज आला. "सिस्टर, एक पण पाकळी पडत नाय."

तात्यांनी कपाळाला हात लावला. "घ्या! देवाचंही दोन प्लस!"

तेवढ्यात मागून गुरवाचा आवाज आला, "देव म्हणतोय, मुंबईचा रिपोर्ट येऊ दे!"

*

आला रिपोर्ट. पॉझिटिव्ह!

मॅडम म्हणाल्या, "मावशी, औषध लागू पडायची शक्यता चांगली आहे."

"म्हणजे परत शक्यताच? देव पण शक्यतेवर, तुमी पण शक्यतेवर!" असं म्हणून मावशी खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसल्या आणि हात पुढे केला. "लाव गो बायो." मी सुई लावली. मग औषधांच्या खोलीत जाऊन डोळे पुसून आले. इतका आनंद मला माझ्या पासिंगच्या रिझल्टलाही झाला नव्हता.

पुढे गाठ लहान लहान होत गेली. एके दिवशी मॅडमनी तपासलं, पुन्हा तपासलं आणि म्हणाल्या, "मावशी, हाताला लागतच नाहीये हो!"

"आता तुमी पण चेपून बघू नका," मावशी म्हणाल्या.

*

शिमग्याला देवाची पालखी घरोघर येते. मावशींनी आम्हाला जयगडला बोलावलं. मॅडम आणि मी गेलो, काकूंना घेऊन तात्याही आले. तात्यांचे केस गेलेले, वजन उतरलेलं, केमो अजून चालू. पण अंगात इस्त्रीचा सदरा आणि बरोबर पहिल्या आंब्यांची पेटी.

अंगणात पालखी टेकली. मावशींनी ओटी भरली. गुरव गाऱ्हाण्याला उभा राहिला. आता त्याला नाव तोंडपाठ.

"बा देवा महाराजा! तुझ्या लेकीला ट्रॅस्टुझुमॅब लागू पडलं, तसंच पुढं पण तिला सांभाळ रे महाराजा!"

"होय महाराजा!" सगळं अंगण. मॅडमसुद्धा!

गुरव नारळ उचलणार, तेवढ्यात मावशींनी त्याचा हात धरला. "थांब. अजून एक गाऱ्हाणं घाल." आणि त्याच्या कानात काहीतरी सांगितलं. गुरवाने एकदा आमच्याकडे बघितलं, घसा साफ केला.

"आणि बा महाराजा! ज्यांना ज्यांना हे औषध चालत नाय, ज्यांचा झीरो येतो, त्यांच्या जोगतं पण कायतरी कोणाच्या तरी डोक्यात घाल रे महाराजा!"

सगळं अंगण ओरडायच्या आधीच, सगळ्यांत मागून, एकट्या तात्यांचा आवाज आला.

"होय महाराजा!"