उरकबाईच्या तीन गोळ्या

धुलाईच्या कारखान्यात तिला सगळे उरकबाई म्हणायचे. चादरीची घडी घालता घालता ती शेजारणीला टोमणाही मारून घ्यायची. काम रेंगाळलेलं तिला खपत नसे. मग एका वर्षी तीच रेंगाळू लागली. वाफेच्या इस्त्रीपाशी स्वेटर घालून उभी राहायची, केस मूठमूठ गळायचे, जेवण निम्मं झालं तरी वजन चढतच होतं. हिची बॅटरी उतरली, असं इस्त्रीवाले काका म्हणायचे. तपासणीत थायरॉइड मंदावल्याचं निघालं. शरीराची शेगडी किती पेटती ठेवायची, ते गळ्यातली ही ग्रंथी ठरवते. रोज उपाशीपोटी एक बारीक गोळी सुरू झाली आणि उरकबाई पुन्हा टोमणे मारू लागली.

पुढे तिला दिवस गेले. डॉक्टरीणबाईंनी ती गोळी वाढवली, जोडीला लोहाची आणि कॅल्शियमची दिली. कोणती कधी घ्यायची तेही समजावलं, पण हिचं अर्धं लक्ष बस चुकू नये याकडे. घरी तिने कारभार आटोपशीर केला : सकाळी तिन्ही गोळ्या एकदम, वर सासूबाईंनी दिलेलं पेलाभर दूध.

पुढच्या रक्ततपासणीत टीएसएचचा आकडा, थायरॉइड कमी पडलं की चढणारा, भलताच वर गेला. गोळ्या कशा घेता, असं विचारल्यावर तिने जरा ऐटीतच सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. लोह, कॅल्शियम, दूध त्या गोळीला पोटातच अडवतात, रक्तात पुरती उतरू देत नाहीत. आणि सुरुवातीच्या महिन्यांत बाळाची ग्रंथी कामाला लागलेली नसते. त्याचा मेंदू घडतो तो आईच्या हार्मोनवर.

"म्हणजे माझ्या बाळाचं डोकं..."

"काही झालंय की नाही, ते आज मला सांगता येणार नाही. थोडं पोचत होतं. आता पुरेसं पोचवू."

घरी सासूबाई रडवेल्या झाल्या. "मीच पाजलं गं तुला."

"आई, दूध तुमचं, घाई माझी."

नवरा म्हणाला, कपडे धुताना पांढरे-रंगीत एकत्र पडले तर कारखाना डोक्यावर घेतेस. उठल्याबरोबर थायरॉइडची गोळी नुसत्या पाण्याबरोबर, कॅल्शियमची दुपारी, लोहाची संध्याकाळी, असं सुरू झालं. आकडा उतरला.

मुलगी झाली. टाचेतून घेतलेल्या रक्ताचा अहवाल चांगला आला, पण त्यातून मुलीची स्वतःची ग्रंथी ठीक आहे एवढंच कळत होतं. पोटात कमी पडलं असेल, तर ते वाढतानाच दिसणार. मान धरणं, पालथं पडणं, पहिला शब्द, सगळं वेळेवर झालं. तरी प्रत्येक वेळी पुढच्याची धास्ती होतीच.

दुसऱ्या वाढदिवसानंतरच्या तपासणीत मुलीने ठोकळ्यांचा मनोरा रचला, चित्रातलं मांजर ओळखलं. ठोकळे परत मागितल्यावर तिने ते फ्रॉकमध्ये गोळा केले. "माझे," ती म्हणाली.

"वाढ अगदी वयाप्रमाणे आहे. आता काळजी सोडा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हट्टी मात्र आहे."

"ते घरचंच आहे," उरकबाई म्हणाली. बाहेर पुढचा पेशंट खोळंबला होता. तिने जमिनीवर बसकण मारली आणि लेकीची समजूत काढत एकेक ठोकळा मागून घेऊ लागली.