‘वाढला’ म्हणजे बंद

हेमाताई कोळी यांच्यामुळे मी मुंबईत टिकले, हे आधी सांगते. त्या गेल्या, हे मग. उलट क्रमाने सांगायला गेले की माझी गाडी पहिल्याच वाक्यावर अडते.

बातमी विक्रोळीहून पवईला जाणाऱ्या बसमध्ये आली. त्यांच्या भावाचा फोन होता. “ताई गेली, ऑफिसात तूच सांग,” एवढंच बोलला. मी ग्रुप उघडला आणि माझा स्टॉप निघून गेला तरी एक शब्द लिहिता येईना... शेवटी लिहिलं, “हेमाताई आज सकाळी वारल्या.” सरळ लिहायला त्यांनीच शिकवलं होतं. ते कसं, तेच सांगायचं आहे.

मी किनवटकडची. नववीत शाळा सुटली आणि पुढे मावशीच्या आधाराने विक्रोळीला आले. पवईच्या ज्या कंपनीत मला काम मिळालं, ती रक्त-लघवी तपासणीचे रिपोर्ट लोकांना मोबाइलवर दाखवणारी वेबसाइट चालवायची. सकाळी रिपोर्ट तयार झाले की सगळी मुंबई एकदम त्या साइटवर तुटून पडायची. हा भार तीन सर्व्हर मिळून उचलायचे. भिंतीवरच्या पडद्यावर त्यांचे तीन चौकोन होते. हिरवा म्हणजे चालू, लाल म्हणजे बंद. एक बंद पडला की त्याचं ओझं बाकीच्या दोघांवर. मी पडद्यासमोर बसायचं आणि रंग बदलला की ग्रुपवर कळवायचं, एवढंच काम. तरी मी डबासुद्धा पडद्याकडे बघतच खायचे. चुकले तर परत किनवट, आणि तिथे माझ्यासाठी लग्नाशिवाय कुणी काही योजलेलं नव्हतं.

हेमाताई आमच्या पाळीच्या प्रमुख. भांडुपच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यातल्या. आवाज असा की काचेपलीकडच्या खोलीतला माणूससुद्धा दचकायचा. पडद्यावर रंगांच्या खाली एक रेघ असते, किती लोक साइटवर येतायत ते दाखवणारी. ती चढायला लागली की त्या खुर्ची पुढे ओढत म्हणायच्या, “चला, बाजार भरला.” नुसता रंग बघू नको, गिऱ्हाईक बघ, असं मला सांगायच्या. हिरवा चौकोन आणि खाली रेघ मेलेली, म्हणजे दुकान उघडं पण वाट बंद.

एका सोमवारी, ऐन गर्दीत, तिसरा चौकोन लाल झाला. मी ताबडतोब ग्रुपवर लिहिलं, “तिसरा सर्व्हर वाढला.” आमच्याकडे दुकान बंद केलं असं म्हणत नाहीत, वाढवलं म्हणतात. बांगडी फुटत नाही, वाढते. ‘बंद’ हा शब्द सकाळच्या पारी, आणि तोही नव्या नोकरीत, माझ्या हातून उमटेना. इंजिनिअर मंडळींनी वाचलं, सर्व्हर वाढला, म्हणजे ताकद वाढली. दोघांनी अंगठे दाखवले. त्यांना कळलं म्हणून मी निश्चिंत. तेवढ्यात उरलेले दोन्ही सर्व्हर ओझ्याने बसले, आणि रिपोर्ट उघडत नाही म्हणून फोनवर फोन सुरू झाले.

साइट परत उभी राहिल्यावर साहेब बाहेर आले. नववी नापास मुलीला इथे कोणी बसवलं, असं त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं. माझी पिशवी माझ्या मांडीवर होती. मी उठणारच होते.

“मी बसवलं,” हेमाताई म्हणाल्या. “साहेब, माझी आई मुलुंडच्या बाजारात रोज माशांची पाटी वाढवते. म्हणून काय तिचा धंदा वाढतो? पोरीने वेळेवर सांगितलंय. आपल्यालाच तिची मराठी कळली नाय.”

साहेबांना हसू आवरलं नाही, आणि माझी नोकरी त्या हसण्यावर राहिली. ताई मात्र हसल्या नाहीत. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “हे बघ गं, तू बंद म्हटलंस म्हणून काय बंद पडत नाय. पडलेलं असतं ते. जसं आहे तसं बोल, मग माणसं धावतात.” त्यानंतर कितीतरी दिवस ऑफिसातली मुलं मला छळायची, “काय गं, चहा वाढला की अजून मिळेल?”

पुढे वर्षं गेली. ताईंनी मला सगळा पडदा वाचायला शिकवला. मग त्या दमायला लागल्या. जिना चढताना मधेच थांबायच्या आणि वर असं दाखवायच्या की फोन आला होता... एका दुपारी त्या माझ्याशेजारी बसून मोबाइलवर काहीतरी बघत होत्या. साइट नीट चालतेय ना, त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं.

“मग रिपोर्ट खराच असणार,” त्या म्हणाल्या. “गाठ वाढलीय गं. तुझ्या गावच्या अर्थाने वाढली असती तर बरं झालं असतं, ना?”

मी हसले आणि त्याच हसण्यात रडले. त्यांनी मला रडू दिलं, पण पडद्यावरून नजर हटवू दिली नाही.

परवा त्यांच्या घरी गेले. त्यांच्या आई, जनाआजी, ओटीवर बसल्या होत्या. बाजाराला अजून गेलेल्या नाहीत. बराच वेळ माशांच्या भावाचंच बोलत राहिल्या. मग एकदम म्हणाल्या, “तिला ठावं होतं काय गो? मला तर म्हणायची, बरं वाटतंय.”

आत भावजय भांडी आवरत होती, तिचा हात थांबला. खोटं बोलणं सोपं होतं, आणि आजींच्या वयाकडे बघून ते कुणी पापही म्हटलं नसतं. मी म्हटलं, “हो आजी. पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.” सगळ्या जगाला रोखठोक सांगणाऱ्या ताईंना ते एका आईसमोरच बोलवलं नाही, एवढंही सांगितलं.

आजींनी कमरेची पिशवी सोडून मोबाइल माझ्या हातात दिला. त्यांच्या साखरेचा रिपोर्ट येऊन पडला होता, आणि घरात सगळे गोड बोलतात म्हणून त्यांनी कुणाकडूनच वाचून घेतला नव्हता. मी वाचला. वाढलीय, असं म्हटलं, आणि घाईघाईने पुढे जोडलं, “म्हणजे जास्त झालीय, आजी. औषध बदलायला लागेल.”

“बरं,” त्या म्हणाल्या. “आता तूच वाचत जा.”

वाचेन. ताई, तुमचे उपकार एका जन्मात फिटायचे नाहीत, असं म्हणायची रीत आहे. पण ती गोड बोलायची रीत झाली. मी फेडणार आहे, याच जन्मात, तुमच्या आईच्या ओटीवर बसून.