मंगलबाईंचा अश्मयुगाचा तास

शाळेत मुलांना खिचडी वाढून मी हात धूत होते, तेवढ्यात मंगलबाईंच्या यजमानांचा, अण्णांचा, फोन आला. "मंगल गेली गो," एवढंच ते म्हणाले. सकाळी पेज घेऊन जरा आडव्या झाल्या त्या उठल्याच नाहीत... त्याला आता सव्वा महिना होईल.

मालवणपासून आत, सड्याच्या, म्हणजे कातळाच्या उघड्या पठाराच्या, पायथ्याशी असलेल्या आमच्या दोनशिक्षकी शाळेत बाई निवृत्त होईपर्यंत आम्ही नऊ वर्षं एकत्र होतो. मी सावंतवाडीची, नोकरीत नवी, पाठटाचणाबाहेर पाऊल न टाकणारी. त्या माझ्याहून वीस वर्षांनी मोठ्या. पाचवीच्या पुस्तकात अश्मयुगाचा पाठ आला की त्या पुस्तक मिटायच्या आणि मुलांना घेऊन अंगणात यायच्या. गारगोट्या फोडायच्या, निघालेल्या धारेनं केळीचं पान कापायचं, दोन दगडांत नाचणी भरडायची. एकदा चार दिवस वाळक्या लाकडावर काठी घुसळून विस्तव करणं चाललं होतं. धूर निघाला, विस्तव काही होईना. मुलं आगपेटी मागू लागली, तर बाई शांतपणे म्हणाल्या, की तेव्हा दुकान नव्हतं. मला मात्र चाचणी परीक्षेची काळजी लागलेली असायची...

त्याच वर्षी पाचवीतल्या सुगंधाचे वडील शाळेत आले. काजूची बाग असलेला, मोजकं बोलणारा माणूस. तेव्हा मुलं दगडानं दगडावर रेघ कोरत होती, आणि मुलगी दोन दिवस घरी हाताला फोड घेऊन येत होती. तालुक्याच्या शाळेत तिचं नाव घालायचं त्यांनी ठरवलं होतं.

"चेडवाक दगड घासूक शाळेत धाडतंय काय मी?" ते म्हणाले. "माका तिचो दाखलो व्हयो."

मी घाबरले. पट आधीच कमी होता, एकेक मूल गेलं की शाळा बंद होण्याची भीती. बाईंनी वाद घातला नाही. दाखला देते म्हणाल्या, पण आधी आमच्याबरोबर सड्यावर चला. पोरांची रांग पुढे आणि मागे हे गृहस्थ, अशी आमची वरात चढून गेली.

त्या सड्यावर जांभ्या कातळात कोरलेली जुनी चित्रं आहेत. सुगंधाचे वडील लहानपणापासून तिथे गुरं चारत आले होते, आणि ती पांडवांनी एका रात्रीत काढली असं ऐकत आले होते. ते सरळ चालत होते, इतक्यात वर्गात कधी तोंड न उघडणारी सुगंधा म्हणाली, "बाबा, हंय पाय ठेवू नको. खाली मासो आसा."

ते थबकले. वाकून त्यांनी त्या खोल रेघेवरून बोट फिरवलं. कोणी काढला म्हणून विचारलं. आपल्यासारख्याच माणसांनी, ती म्हणाली, तेव्हा लोखंड नव्हतं, दगडानंच. मग तळहात त्यांच्यापुढे धरून म्हणाली, "आमी सुट्या दगडार दोन दिस घासलो. बोटभर रेघ पण नाय झाली."

ते उकिडवे बसले आणि पुन्हा त्या रेघेत बोट घालून खोली बघू लागले. बाई लांब उभ्या होत्या. खाली उतरल्यावर दाखल्याचा विषय निघाला नाही. दुसऱ्या दिवशी ते व्हाळाच्या पाण्यातले काळे, कठीण दगड टोपलीभर घेऊन आले आणि यांनी घासून बघा म्हणाले. मुलांची रेघ त्या आठवड्यात वीतभर झाली.

दगडांची टोपली आली त्या संध्याकाळी मी बाईंना म्हटलं, तुम्ही जिंकलात. त्यांना ते आवडलं नाही. "त्याका राग इलो, कारण त्याका चेडवाची काळजी," त्या म्हणाल्या. "तो बरो माणूस." पुढे मीही तो पाठ अंगणात घेऊ लागले.

परवा अण्णांना भेटायला गेले. ते एकटेच, पण सावरलेले. जेवल्याशिवाय जायचं नाही म्हणाले आणि स्वतः कुळथाची पिठी करायला बसले. फोडणीसाठी त्यांनी फळीवरून एक वाकडं मातीचं बोळकं काढलं. काठावर बारीक बोटांचे ठसे, एक बाजू खचलेली. बाईंनी त्या पाठासाठी मुलांकडून मातीची मडकी करून घेतली, त्या वर्षी मी बाळंतपणाच्या रजेवर होते, म्हणून मला ते ठाऊक नव्हतं. भाजताना वर्गातली बाकीची सगळी फुटली, हे एकच राहिलं, कोणाचं ते मुलांनाही सांगता येईना, तेव्हा बाई घरी घेऊन आल्या. पाणी त्यात राहत नाही, अण्णा म्हणाले, पण लसूण बरी राहते.

त्यांनी चार पाकळ्या काढल्या, ठेचल्या, आणि बोळकं खचलेली बाजू भिंतीकडे करून जपून जागेवर ठेवलं. ती तसंच ठेवायची, म्हणाले.