उकंड्यावरचं लेकरू

अल्लीपूरच्या बसस्टँडजवळ परवापरवापर्यंत ‘यू. के. टेलर्स’ अशी पाटी होती. नवख्या माणसाला वाटायचं, मालकाचा कोणी भाऊबंद लंडनला असावा. तसलं काही नव्हतं. मालकाचं नाव उकंडा, बापाचं कवडू, आणि स्वतःचं नाव उच्चारायची मालकाला इतकी लाज, की पाटी रंगवणाऱ्यालाही त्यानं नुसती दोन अक्षरं सांगितली होती.

उकंडा म्हणजे वऱ्हाडीत उकिरडा. ज्या घरात लेकरं जगत नाहीत, तिथे नवं लेकरू झालं की त्याला घटकाभर उकिरड्यावर ठेवायचं. शेजारणीनं ते उचलायचं आणि आईनं मूठभर कोंडा देऊन तिच्याकडून मागून घ्यायचं. मरणाला वाटावं, हा तर केर आहे, याला कशाला न्यायचं? त्याच्या आईची, रुखमाबाईची, आधीची लेकरं गेली होती, म्हणून हा उकंडा. रीत मायेपोटीचीच, पण शाळेत हजेरीच्या वेळी हे कोण समजावून सांगणार? मास्तरांनी नाव पुकारलं की मागच्या बाकावरची पोरं नाक दाबायची. लग्नपत्रिकेत ‘चि. यू. के.’ छापा म्हणून त्यानं हट्ट धरला. सासऱ्यानं तो मानला नाही, आणि मांडवात व्हायचा तो खिदळाट झालाच. उकंडाही चारचौघांत हसून घ्यायचा. पण आपण टाकलेले आहोत, हे त्यानं मनातून कधीच कबूल करून टाकलं होतं.

प्रार्थनेला तो गेला तो पौर्णिमाबाईंमुळे. त्या पास्टर रत्नदीप यांच्या पत्नी. ब्लाउज शिवायला त्याच्याकडे यायच्या. उकंडाची बायको टायफॉइडनं अंथरुणाला खिळली तेव्हा त्या घरी येऊन प्रार्थना करून गेल्या, जेवणाचा डबाही ठेवून गेल्या. आभार मानावेत म्हणून रविवारी तो गावाबाहेरच्या पत्र्याच्या शेडमध्ये गेला. पास्टरांनी नाव विचारलं.

“यू. के.”

“पुरं नाव सांगा नं, भाऊ.”

त्यानं पायाच्या अंगठ्याकडे बघत सांगितलं. आता हसतील म्हणून मान आणखी खाली घातली, तर डोक्यावर हात आला. “हे बापा, हा उकंडा तुझं लेकरू हाय,” पास्टर प्रार्थना करू लागले. “तू याले नावानिशी वळखतं.” कोणी हसलं नाही. उकंडा मात्र ढसाढसा रडला. पुढच्या रविवारी तो परत गेला, आणि मग जातच राहिला. आपण कोणाचे तरी आहोत हे त्याला तिथे कळलं, आणि हळूहळू पटलंही.

पण जन्माची सवय एवढ्यानं सुटते थोडीच! बाप्तिस्म्याचा दिवस ठरला तेव्हा त्यानं नवं नाव पक्कं केलं, दानियल. पास्टर म्हणाले, “नाव बदलाची अट नाई, भाऊ. पण मनात असन तं घ्या.” मनात होतंच. आदल्या दिवशी सांजेला त्यानं आईला सांगून टाकलं.

रुखमाबाई चुलीपुढे भाकरी थापत होती. तिचा हात परातीतच थांबला. लेक येशूच्या प्रार्थनेला जातो याची तिला तक्रार नव्हती. जाताना मुका असायचा तो येताना गुणगुणत यायचा, हे तिनं पाहिलं होतं. पण नाव?

“नाव नको टाकू, बाप्पा,” ती म्हणाली. “या नावापायी मरण तुले सोडून गेलं.”

“उकंड्यावर फेकलेलं लेकरू, एवढीच माही वळख राहू देऊ काय?” उकंडाचा आवाज चढला. जे आजवर कधी बोलला नव्हता ते तो बोलून गेला. “तू फेकलं मले, माय.”

तव्यावरची भाकर करपू लागली. रुखमाबाईचं तिकडे लक्षच नव्हतं.

“फेकलं नाई रे. पहाटेच जाऊन जागा झाडली मी. वातीचा कापूस अंथरला. तुले ठेवलं अन् कुडाआड काठी घेऊन उभी राह्यली, कुत्रं येईन म्हणून. शेजारची भागीरथा तुले उचलाले येऊनच राह्यली होती, तं तू रडला. मले नाई राह्यवलं. मीच धावली, मीच उचललं. कोंडा बी नाई देल्ला. रीत मोडली मी! भागीरथाले शपथ घातली, कोणाले सांगजो नको म्हणून. तवापासून भेव हाय मले. तुले साधा ताप आला तरी वाटे, आता आलं ते न्याले.”

उकंडा चुलीपाशी तिच्याजवळ बसला. ज्या उकिरड्यावर तो जन्मभर स्वतःला पडलेलं पाहत आला होता, तिथे आईच्यानं त्याला धड ठेवणंसुद्धा झालं नव्हतं. आणि ही बाई इतकी वर्षं एकटी भीत बसली होती.

“माय,” तो म्हणाला, “रीत तं तवाच मोडली. मंग मी जगलो कसा?”

रुखमाबाईनं पिठाचे हात पदराला पुसले.

“रीतीनं नाई राखलं मले. नावानं बी नाई. ज्यानं राखलं, त्याचंच होऊन राह्यलो मी. तू आता भेऊ नको.”

तिनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं. मग एकाएकी रडू लागली, आणि रडता रडताच म्हणाली, “भाकर जळली नं रे.” दोघंही हसली. डोक्यावरचा भारा बांधावर टाकावा तसं दोघांना हलकं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मंडळी नदीवर जमली. रुखमाबाईही टॉवेल काखेत मारून आली. पौर्णिमाबाईंनी तिला बजावलं, “आजी, प्रार्थना संपली का पास्टर त्याईले बाहेर आणतीन, तवा टॉवेल द्याचा. तोवर इथंच थांबजा.” रुखमाबाईनं शहाण्यासारखी मान हलवली.

कमरेइतक्या पाण्यात पास्टरांनी विचारलं, “नाव?”

“उकंडा,” तो म्हणाला. पास्टरांनी भुवया उंचावल्या. तेव्हा काठावरच्या शेवटच्या माणसालाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं त्यानं पुन्हा सांगितलं, “उकंडा कवडू!”

पास्टरांनी त्याला पाण्यात बुडवून वर काढलं. नाकातोंडात पाणी गेल्यानं तो खोकत होता. पास्टरांचा हात त्याच्या डोक्यावर होता, प्रार्थना अर्धीच झाली होती, तेवढ्यात काठावर गलका उठला. रुखमाबाई नेसत्या लुगड्यानिशी पाण्यात शिरली होती आणि टॉवेल डोक्यावर उंच धरून लेकाकडे निघाली होती.

पौर्णिमाबाई तिला धरायला धावल्या. पास्टरांनी हातानंच त्यांना थांबवलं.

“येऊ द्या,” ते म्हणाले.