डावखुऱ्या नायकाबद्दल दुरुस्ती

मी गाव सोडले त्या सकाळी फाट्यावर मला पोहोचवायला आक्का एकटीच आली होती. वडील नांगरटीला गेले होते, आई उंबऱ्यातूनच परतली. आक्का माझ्याहून पाच वर्षांनी मोठी; जत्रेसाठी माहेरी आली होती. हैदराबादची बस दिसू लागली तेव्हा तिने धपाट्यांची पुरचुंडी माझ्या हातात ठेवली आणि म्हणाली, "तिथं पक्क्या टॉकीजा असतेत म्हणं. समोर बसून बघ." इतकेच. आदल्या रात्री आमचे भांडण झाले होते आणि ते मी जिंकलो होतो, म्हणून ती अबोल आहे अशी माझी समजूत होती.

गेल्या महिन्यात आमच्या इथल्या मराठी मंडळाची स्मरणिका निघाली. तीत पुण्याहून आलेल्या, संगणकाच्या नोकरीतल्या एका गृहस्थांनी लिहिले आहे की, जुन्या हैदराबाद संस्थानातली आम्ही मराठी माणसे 'पोटासाठी' या शहरात आलो. हे त्यांना कोणी सांगितले? आमच्या घरी ज्वारीची पेवे भरलेली असत. मी सिनेमासाठी आलो. रेल्वेतली कारकुनी ही वडिलांना सांगण्याची सबब होती, आणि ती सबब मी अडतीस वर्षे प्रामाणिकपणे निभावली.

सुलतान बाजारात एका कापडदुकानाच्या माडीवर माझी पहिली खोली होती. खालच्या चौकात मराठी ऐकू येई, जिन्यावर दखनी उर्दू, आणि टॉकीजमध्ये तेलुगू. ही भाषा मी पौराणिक चित्रपट पाहून शिकलो. त्यामुळे पहिली दोन वर्षे मी भाजीवालीशी चक्रवर्ती सम्राटासारखा बोलत असे, आणि ती बाई पदर तोंडाला लावून मला दोन मिरच्या जास्त घाली. रविवारी कोठी भागातल्या जुन्या पुस्तकांच्या ढिगातून जादूगार, भुयारे आणि शापित राजकन्या यांच्या कादंबऱ्या हुडकायच्या आणि आठवडाभर वाचायच्या. शेवटची पाने बहुधा नसत. ती मी मनाने रचत असे, आणि पुढे मूळ पुस्तक सापडले तर माझाच शेवट सरस असल्याची खात्री पटे.

माझी मते मी कधी लपवली नाहीत. आजच्या अद्भुत मालिकांत खर्चिक राक्षस आहेत, पण भीती नाही, कारण प्रत्येक राक्षसाला दुःखी बालपण दिलेले असते. आजच्या चित्रपटगीतांत शंभर वाद्ये वाजतात आणि गुणगुणायला एक ओळ उरत नाही. नात सानिका म्हणते, "आजोबा, तुम्हाला काहीच पसंत येत नाही." येते. पण पसंती ही मागून मिळत नसते.

याच स्मरणिकेत मीही एक लेख लिहिला. गावाकडचा सिनेमा हा विषय, आणि त्यात माझा नेहमीचा किस्सा, जो मी मंडळाच्या सभांतून किमान वीस वेळा सांगितला असेल. जत्रेत सिनेमाचा तंबू लागला होता; मी गाव सोडायच्या आदल्या रात्रीची गोष्ट. तलवारबाज राजपुत्राचा चित्रपट होता. घरी परतताना आक्का म्हणाली, "डावखुरा असून कशी तलवार फिरवायलाय बघ." मी सर्वांसमोर तिला थांबवले. नायकाच्या उजव्या हातात तलवार होती. ती म्हणाली, डाव्या. मी चार माणसांना साक्षीला उभे केले. चौघांनी उजवा हात सांगितला. मी म्हणालो, "आक्का, तुला डावं-उजवं कळत नाही, सिनेमा काय कळणार?" लोक हसले. सभांतूनही या वाक्याला हमखास हशा येई.

त्या रात्रीनंतर आक्का कधी सिनेमाबद्दल बोलली नाही. ती हैदराबादला आली की आम्ही टीव्ही लावावा आणि तिने स्वयंपाकघरात जाऊन लसूण सोलत बसावे. "मला काय कळतंय त्यातलं." अंगणात बसून मला पहिली राक्षसाची गोष्ट सांगणारी हीच बाई. माझ्या साऱ्या वेडाचे मूळ ती, आणि त्या वेडातला तिचा वाटा मी हशापायी काढून घेतला होता. हे तेव्हा मला दिसत नव्हते.

आता दुरुस्ती.

सध्या आक्का डोळ्याच्या ऑपरेशनसाठी तारनाक्याला आमच्याकडे आहे. गेल्या आठवड्यात सानिकाने मोबाइलवर शोधता शोधता नेमका तो चित्रपट काढला. मी चष्मा पुसून बसलो. नायकाने तलवार उपसली, ती डाव्या हाताने. पडद्यावरची अक्षरेही उलटी होती. मी म्हणालो, "हे कोणी बिघडवले?"

"बिघडवलं नाही, आजोबा. फ्लिप करून डालतात ना लोक. सीधा डाला तो कॉपीराइट लगता."

चित्र उलटे केले की नायक डावखुरा होतो. एवढी साधी गोष्ट, आणि तिने मला थेट जत्रेतल्या तंबूत नेले. आमच्या जत्रेत पडदा तंबूच्या मधोमध बांधत. पलीकडूनही चित्र दिसावे म्हणून त्यावर बादलीने पाणी मारत. प्रोजेक्टरच्या मशीनच्या बाजूला पुरुष, पडद्याच्या मागे बायका. हे मला माहीत नव्हते असे नाही. पण तिथून काय दिसत असेल याचा विचार मी एकदाही केला नव्हता. माझे चारही साक्षीदार पुरुष होते.

पंचाहत्तर वर्षांत मी कोणाजवळ चूक कबूल केल्याचे मला आठवत नाही. सवय नसल्याने शब्दही सापडेनात. आक्का स्वयंपाकघरात लसूण सोलत होती. मी दारात उभा राहून म्हणालो, "आक्का, तो नायक तुझ्या बाजूने डावखुराच होता."

तिने मान वर केली नाही. "ठावं हाय मला."

"कधीपासून?"

"त्याच दिवशी, निजायच्या आधी. सगळं राजवाडं डाव्या हातानं जेवायलं होतं, पुजारी डाव्या हातानं आरती ओवाळायला होता. समदेच डावखुरे कसे असतील रे, दिगू? एवढं बी कळंना का मला?"

"मग सकाळी फाट्यावर बोलली का नाहीस?"

"तू जायला होतास. जाणाऱ्याला हरवून कसं धाडावं?"

"आणि नंतर?"

"नंतर तू दर खेपेला मोठाच होऊन यायलास. मोठ्या माणसाला कोण सांगावं?" मग तिने लसणाची पाकळी माझ्याकडे फेकली. "बस. सोल. तेवढं तरी येतंय का बघू."

हा लेख मी तारनाक्याच्या या घरात बसून मंडळाच्या पुढच्या अंकासाठी लिहीत आहे, आणि त्याची एक प्रत गावी पाठवणार आहे, कारण तिकडेही माझाच किस्सा सांगितला जातो. तो चुकीचा आहे. ज्यांना हसायचे असेल त्यांनी आता माझ्यावर हसावे. घर कोणते, गावचे की इथले, या प्रश्नावर मी अनेकांशी वाद घातले आहेत. मी घर म्हणून जे सांगत आलो ते सारे मशीनच्या बाजूने पाहिलेले होते. पलीकडच्या बाजूचे घर आक्काजवळ होते, आणि मी ते कधी मागितले नाही. आता मागतो आहे; ती थोडे थोडे देते, टोमण्यांसकट.

परवा दुपारी सानिकाने चित्रपटाची सरळ प्रत मिळवली. मी आक्काला म्हणालो, हवी तर तुझी उलटी प्रत लावतो. "नको. मागनं बघून झालंय." तिला मधल्या खुर्चीवर, अगदी टीव्हीसमोर बसवले. औषध घातलेल्या डोळ्याला पदर लावत ती पाहत राहिली. तलवारीचा प्रसंग आला नि गेला. या वेळी मी मत दिले नाही. मग राजवाड्यातली पंगत आली. राजपुत्राने उजव्या हाताने पहिला घास घेतला.

आक्का पुढे वाकली आणि सानिकाला म्हणाली, "आता नीट जेवायला लागलं बघ लेकरू."